अजिंक्य राहण्याची माझी पद्धत

बॉक्सर फ्लॉइड मेवेदर हा घाबरट माणूस आहे, हे मी सहकारनगरात सिद्ध केलेलं आहे. ही गोष्ट अजून त्याच्या कानावर गेलेली नाही, पण तो त्याचा प्रश्न. ५० लढती, ५० विजय, पराभवाच्या रकान्यात भोपळा, हे सगळं मला मान्य आहे. पण समोर कोण उभं राहणार हे हा गृहस्थ स्वतः ठरवायचा. प्रतिस्पर्धी निवडायची मुभा असल्यावर अजिंक्य राहायला काय लागतं? दर रविवारी तळजाई उतरून आलो की अमृततुल्यच्या बाकड्यावर मी त्याला एका चहात लोळवायचो. दुसरा चहा जॅक डेम्प्सीसाठी राखून ठेवलेला असायचा.

माझा खटला असा. मॅनी पॅकियावशी लढायची बोलणी सुरू झाली २००९ साली. पॅकियाव तेव्हा ऐन भरात होता, वजनगट बदलत बदलत समोर येईल त्याला झोपवत होता. रक्ततपासणी लढतीच्या किती दिवस आधी करायची यावरून बोलणी फिसकटली, मग पैशाच्या वाटणीवरून फिसकटली, मग सवयीने फिसकटत राहिली. शेवटी लास व्हेगासला दोघे समोरासमोर आले ते २ मे २०१५ रोजी. मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाव ३६ चा. आपल्याकडे रविवारची सकाळ उजाडली होती. मी पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर बसलो. पोहे संपले, चहा संपला, बायकोने कपबश्या उचलून नेल्या, बाराच्या बारा फेऱ्या झाल्या, आणि तोवर पोह्यांवरचं लक्ष उडावं असा एकही ठोसा कुणी कुणाला मारला नव्हता. मेवेदर गुणांवर जिंकला. त्या दिवसापासून मी त्याला धरला.

बाकड्यावर आम्ही तिघे. एक सुभेदार. लष्करातून निवृत्त. तरुणपणी ग्लोव्हज चढवायचे, आणि त्यांचं नाक त्याचा लेखी पुरावा आहे. दुसरे अण्णा. मूळ मुळशीचे, दुधाचा धंदा, कुस्तीचं मैदान पन्नास कोसांवर असलं तरी हलगी त्यांना ऐकू येते. बॉक्सिंग हा खेळच त्यांना मान्य नाही. ‘हाताला उशा बांधून कसली आलीये मारामारी?’ असं म्हणून ते चर्चेला सुरुवात करतात आणि दोन तास उठत नाहीत. तिसरा मी. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला. आजवर कुणाला चापटही न मारलेला, आणि म्हणूनच या विषयावर सर्वांत ठाम मतं असलेला.

सुभेदारांचं म्हणणं असं की धंदेवाईक बॉक्सरला शूर-भित्रा ठरवण्यात अर्थच नाही. ‘आमच्यात ड्रॉ निघायचा. सकाळी चिठ्ठीत नाव निघालं की संध्याकाळी त्याच्याशी लढायचं. घोरपडीला आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या पोरांना विचारा, टाळायची सोयच नाही. पण धंद्यात ड्रॉ नसतो. तिथे मॅनेजर बसून हिशेब मांडतो. समोरचा धोक्याचा किती, आणि त्याला मारून पैसे किती. धोका मोठा आणि मिळकत छोटी, असा माणूस आयुष्यभर वाट बघत बसतो.’ वर पट्टे देणाऱ्या संस्था चार. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा वेगळा विजेता, प्रत्येकीचा वेगळा आव्हानवीर. त्यातल्या एकीने तगादा लावलाच तर पट्टा परत करून मोकळं व्हायचं. रिडिक बोवने तेच केलं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लेनॉक्स लुइसने त्याला थांबवला होता. पुढे बोव जगज्जेता झाला आणि लुइसशी लढायची पाळी आली, तेव्हा डिसेंबर १९९२ मध्ये लंडनला पत्रकारांसमोर त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. ही गोष्ट सुभेदारांनी सांगितली, तेव्हा मी बाकड्यावर मूठ आपटली होती आणि अण्णांचा चहा सांडला होता. ‘पट्टा डब्यात टाकला म्हणजे स्वतःला टाकला!’ असं मी म्हणाल्याचं दोघांनाही अजून आठवतं. दुर्दैवाने.

अण्णांकडे अशा वेळी एकच उत्तर असतं. ते म्हणजे गामा. १९१० साली गामा लंडनला गेला. तिथल्या लोकांनी त्याची उंची बघून स्पर्धेत घ्यायला कुरकुर केली, तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिलं की कुणीही तिघं या, तीस मिनिटांत तिघांनाही टाकतो. अमेरिकेचा फ्रँक गॉच तेव्हा जगज्जेता म्हणवला जायचा. गामाने त्याचंही नाव घेतलं. गॉच आला नाही. आला तो पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. १० सप्टेंबरला कुस्ती लागली. गामाने पहिल्या झटक्यात त्याला खाली घेतला, आणि झिबिस्को जो पालथा पडला तो उठेचना. ‘अडीच तास!’ अण्णा दोन्ही तळवे बाकड्यावर पालथे ठेवून दाखवतात. ‘अडीच तास पालथा! जमिनीला चिकटून. पाठ लावून देईना. पंचांनी शेवटी बरोबरीत सोडवली. पुढच्या आठवड्यात १७ तारखेला फेरकुस्ती. गामा लांग चढवून हजर. हा पठ्ठ्या फिरकलाच नाही.’ मग अण्णा चहाचा घोट घेतात, कारण पुढचं वाक्य त्यांना फार आवडतं. ‘१९२८ ला पतियाळात दोघं परत भेटले. मिनिटसुद्धा लागलं नाही.’

पण अण्णांची खरी श्रद्धा ‘जोडी’वर. गावच्या जत्रेत पंच पैलवानांना उभं करतात, वजन बघतात, अंग बघतात, खुराक कुठल्या तालमीचा ते बघतात आणि जोड लावतात. वकील नाही, करार नाही, रक्ततपासणी नाही. काटा जोड लागली की हलगी घुमते आणि मग माघार घेतली तर गावात तोंड दाखवता येत नाही. सुभेदार इथे त्यांना हटकून चिमटा काढतात. कारण २०२३ हे साल अण्णांचं दुखरं ठिकाण आहे. त्या जानेवारीत आपल्या कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडच्या एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून गदारोळ उठला, आणि अंतिम कुस्तीत महेंद्रला हरवून शिवराज राक्षेने गदा खांद्यावर घेतली. सिकंदर आणि शिवराज समोरासमोर आलेच नाहीत. मग दहा महिने महाराष्ट्रभर एकच वाद, की आले असते तर! नोव्हेंबरमध्ये फुलगावला आले, आणि सिकंदरने काही सेकंदांत निकाल लावून टाकला. दहा महिन्यांचा वाद काही सेकंदांत संपल्याचं अण्णांना भारी वाईट वाटलं. पण त्याच नोव्हेंबरात दुसऱ्या संघटनेने धाराशिवला आणखी एक महाराष्ट्र केसरी भरवली आणि ती गदा शिवराजने नेली. ‘म्हणजे एका वर्षात तीन गदा,’ सुभेदार म्हणतात. ‘आमच्या चार पट्ट्यांना हसू नका, अण्णा. एकच कमी पडतीये तुम्हाला.’

बॉक्सर मेरी कोम आणि निखत झरीनचा विषय निघाला की मात्र तिघांचे तीन पक्ष होतात. २०१९ मध्ये निखत एकच मागत होती, की निवड चाचणी घ्या, मला मेरीशी लढू द्या. जागतिक स्पर्धेला मेरीला चाचणीशिवाय पाठवलं. निखतने थेट क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं. शेवटी २८ डिसेंबरला दिल्लीत चाचणी झाली आणि मेरी ९–१ ने जिंकली. जिंकल्यावर हातसुद्धा मिळवला नाही. ‘मग एवढी जिंकणार होती तर आधीच का नाही लढली?’ अण्णांचा प्रश्न. यावर सुभेदार काही वेळ आपलं नाक चोळतात. ‘लढण्याआधी ते माहीत नसतं ना,’ ते म्हणाले. मी म्हणालो, माहीत असायलाच पाहिजे. विजेता कशाला म्हणायचं मग?

आणि जॉन एल. सलिव्हन! त्याच्यावरचं माझं भाषण ऐकायला एकदा शेजारच्या बाकड्यावरचे लोक वळले होते. १८८० च्या दशकातला हा अमेरिकेचा लाडका हेवीवेट. कुणाही माईच्या लालाला आव्हान द्यायचा, फक्त तो लाल गोरा असला पाहिजे. ऑस्ट्रेलियातून आलेला पीटर जॅक्सन हा काळा बॉक्सर त्याच्याशी लढायला आसुसलेला होता. सलिव्हनने वर्णाची रेघ ओढली, आणि तिच्या अलीकडे सुरक्षित बसून राहिला. मी त्या रेघेवर इतका तुटून पडलो की चहावाल्याने येऊन ‘काका, सगळं ठीक ना?’ म्हणून विचारलं. सुभेदारांनी शांतपणे जॅक जॉन्सनची आठवण करून दिली. त्याला ती रेघ ओलांडायला टॉमी बर्न्सच्या मागे इंग्लंड, तिथून ऑस्ट्रेलिया असं हिंडावं लागलं. बर्न्सला ३०,००० डॉलर कबूल झाले तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत लढत झाली, आणि चौदाव्या फेरीत पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ‘आणि गादीवर बसल्यावर या जॉन्सनने काय केलं? सॅम लँगफर्डला पट्ट्याची लढत दिली नाही. लँगफर्डही काळाच. काळ्या-काळ्यांच्या लढतीला तिकिटं खपत नव्हती. धोका मोठा, मिळकत छोटी.’

‘तर मग जॉन्सनसुद्धा घाबरट,’ मी निकाल दिला. डेम्प्सी हॅरी विल्सशी कधीच लढला नाही, तोही त्याच यादीत. माझी यादी वाढत चालली होती आणि तिच्यात जगातले बहुतेक सगळे विजेते आले होते.

इथे एक माहिती द्यायची राहिली. मी स्वतः चॅम्पियन आहे. कॅरमचा. आमच्या सोसायटीचा.

हसू नका. योगेश परदेशींनी कॅरमचं जागतिक विजेतेपद मिळवलं, ते पुण्याचेच आहेत, आणि मीही पुण्याचाच आहे. आमच्यातलं साम्य इथे संपतं, पण सुरुवात तरी होते. सोसायटीच्या गणेशोत्सवात दर वर्षी स्पर्धा असते आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात सोनेरी मुलाम्याचा कप असतो. तो माझ्याकडे कसा आला याबद्दल बायको पाहुण्यांना ‘आधीचे चॅम्पियन बाणेरला राहायला गेले’ एवढंच सांगते. ते अर्धसत्य आहे. त्यानंतर मी तो कप राखला आहे. पहिल्या वर्षी बालरोगतज्ज्ञांविरुद्ध, ज्यांना दर बोर्डामध्ये फोन येतो. पुढच्या वर्षी ए विंगच्या एका सद्गृहस्थांविरुद्ध, ज्यांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी स्पर्धा महिनाभर पुढे ढकलायची विनंती केली होती. मी म्हणालो, गणपती ढकलता येतात का?

तर एके संध्याकाळी शर्ट न्यायला पार्किंगमध्ये गेलो. जिन्याखाली आमच्या इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. उदगीरकडचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला धंदा करायचा आहे. टेबलाशेजारी पोरांनी जुना कॅरम मांडला होता आणि चौथा खेळाडू नव्हता म्हणून त्यांनी याला बसवलं होतं. कोळशाची इस्त्री बाजूला निवत होती. त्याने बसल्या बसल्या अंगठ्याने स्ट्रायकर मारला, मागच्या बाजूची, आपण ज्या सोंगटीकडे आशा सोडून बघतो ती सोंगटी, रिबाउंडवर भोकात गेली. मग कट. मग राणी. राणीवर कव्हर. पोरं ओरडलीसुद्धा नाहीत. त्यांना हे रोजचं होतं. त्याने एकामागून एक सगळ्या पांढऱ्या सोंगट्या घेतल्या, हाताची पावडर पँटला पुसली आणि मला म्हणाला, ‘काका, चार शर्ट, दोन पँटी. उद्या दिले तर चालतील?’

मी म्हणालो चालतील. माझा आवाज निघाला एवढंच मला आठवतं.

दुर्दैव असं की सुभेदारही तिथे साडी न्यायला आले होते. रविवारी बाकड्यावर बसता बसता ते म्हणाले, ‘अण्णा, यांना जोड मिळाली.’ अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की तळजाईवरून उतरणारा एक कुत्रा परत वर गेला.

मी घाबरलो होतो, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मला फक्त नियमांची काळजी वाटली. स्पर्धा सोसायटीची, इस्त्रीवाला सभासद नाही. हा मुद्दा मी गणेशोत्सवाच्या बैठकीत अतिशय सौम्य शब्दांत मांडला. ‘स्पर्धा सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुरती मर्यादित असावी,’ असा ठराव कागदावर लिहूनही नेला होता. सेक्रेटरी सही करणार तोच मागच्या खुर्चीवरून सुभेदारांचा आवाज आला, ‘सलिव्हनसाहेबांची रेघ!’ बैठकीत कुणालाच काही कळलं नाही, मला कळलं. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की या दोन गोष्टींचा काहीही संबंध नाही. तिथे प्रश्न कातडीचा होता, इथे शेअर सर्टिफिकेटचा आहे. सुभेदार म्हणाले, ‘बरोबर. जॅक्सनकडेही ते नव्हतं.’ तेवढ्यात भाडेकरूंनी गलका केला. आम्ही वर्गणी देतो, मेंटेनन्स आमच्या भाड्यातून जातो, आमची मुलं काय बघत बसणार? अर्धी सोसायटी भाडेकरूंची आहे हे मला त्या रात्री समजलं. ठराव बारगळला.

मग बोलणी सुरू झाली. सुभेदारांनी स्वतःहूनच त्याचं मॅनेजरपद घेतलं. मी अट घातली, स्ट्रायकर नियमात बसणारा पाहिजे, १५ ग्रॅमच्या वर नको, वजन करून बघू. निरोप आला, ‘काका म्हणतील तो.’ मी म्हणालो, माझ्याच स्ट्रायकरने दोघांनी खेळायचं. ‘चालेल.’ माझा बोर्ड. ‘चालेल.’ २५ गुण किंवा ८ बोर्ड, यातलं जे आधी होईल ते. ‘चालेल.’ सामना रात्री साडेनऊनंतर. आता त्याचा दिवस पहाटे सुरू होतो आणि दिवसभर तो उभा असतो, हा विचार मी केला नव्हता असं नाही. ‘चालेल.’ अशा माणसाशी काय बोलणी करायची? पॅकियावने निदान रक्त द्यायला का-कू तरी केली होती! मेवेदरबद्दल मला त्या आठवड्यात प्रथमच थोडी सहानुभूती वाटली. ती मी बाकड्यावर बोलून दाखवली नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी माझं उजवं मनगट मुरगळलं. कसं ते विचारू नका, कारण वेगवेगळ्या लोकांना मी वेगवेगळं सांगितलं. सेक्रेटरींना नळ घट्ट करताना, बालरोगतज्ज्ञांना बरणी उघडताना, आणि बायकोला काहीच नाही, कारण ती घरातच होती आणि घरात नळही गळत नव्हता. औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणलं आणि कोपरापर्यंत गुंडाळलं. झिबिस्कोने पोट जमिनीला लावलं, मी हात गळ्यात अडकवला. कप माझ्याकडेच राहील आणि सामना कोजागरीला होईल, असं ठरलं. दुखऱ्या हाताचं सोंग आणणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, की आपल्याकडे सगळं जेवण उजव्या हाताने जेवायचं असतं. डाव्या हाताने चमच्याने वरणभात ठीक. पण उकडीच्या मोदकाचं काय? गणपतीतला पहिला मोदक बायकोने माझ्या ताटात वाढला, वर तूप ओतलं आणि समोर बसून राहिली. मी डाव्या हाताने तो फोडायचा प्रयत्न केला. तो निसटून सोवळ्यावर पडला. ‘एक्स-रे काढू या,’ ती म्हणाली. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, पुन्हा धरला, मग माझ्याकडे बघितलं. ‘काही नाही,’ ते म्हणाले. हे वाक्य ऐकून पेशंटचा चेहरा पडल्याचा अनुभव त्यांना नवा असावा.

तरी दहा दिवस मी निष्ठेने निभावले. अनंत चतुर्दशीला मात्र घात झाला. आमच्या सोसायटीची मिरवणूक हौदापर्यंतच जाते, पण यंदा कॉलेजच्या पोरांनी पाच ढोल आणि दोन ताशे आणले होते. वळणावर एक पोरगा दमला. त्याने ढोल सोडला आणि ‘काका, धरा जरा’ म्हणून माझ्या कमरेला बांधला. पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या कमरेला ढोल बांधून ताशा सुरू केला तर पुढचं त्याच्या हातात राहत नाही. निदान माझ्या तरी राहिलं नाही. टिपरू उजव्या हातात आलं, कधी आलं ते कळलं नाही, आणि मी जो सुरू झालो! चौक ओलांडला, पुढची गल्ली ओलांडली, बायका टाळ्या वाजवायला लागल्या, मला वाटलं माझ्या वादनाला. बँडेज सुटून पार कोपरापासून लोंबत होतं आणि प्रत्येक ठोक्याला हवेत फडकत होतं. सेक्रेटरी मोबाइलवर चित्रीकरण करत होते. सुभेदार मिरवणुकीत ताठ उभे राहून, जसं राष्ट्रगीताला राहतात तसे, माझ्या मनगटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी शर्ट न्यायला गेलो तेव्हा इस्त्रीवाला एकटाच होता. म्हणाला, ‘हात बरा झाला वाटतं, काका.’ त्यात टोमणा नव्हता, हे जास्त वाईट होतं. मी म्हणालो, बराचसा. मग तो शर्टावर पाणी शिंपडत म्हणाला, ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका. मला कुठं खेळायचंय? सुभेदारसाहेबच मागं लागलेत. मी जिंकलो तर मला काय? कप ठेवायला खोलीत जागा नाही. आणि तुमच्या विंगचे कपडे जायचे ते वेगळंच.’

‘छे छे,’ मी म्हणालो. ‘आम्ही काय तसली माणसं आहोत?’

‘तसं नाही, काका. मागच्या सोसायटीत चेअरमनसाहेबांना हरवलं होतं.’ त्याने कॉलरवरून इस्त्री फिरवली. ‘म्हणून तर इकडं आलो.’

दुसऱ्या कुणी या वाक्यावर विचार केला असता. मला त्यातून एकच गोष्ट ऐकू आली, की हा मला टाळतोय! इतके दिवस ज्याच्या भीतीने, म्हणजे ज्याच्यासंदर्भातल्या नियमांच्या काळजीने, मी उपाशी मोदक बघत बसलो, तोच माझ्याशी लढायला तयार नव्हता. रविवारी बाकड्यावर मी गामाच्या थाटात बसलो. ‘सुभेदार, तुमच्या पठ्ठ्याला सांगा, कोजागरीला गच्चीवर, सगळ्यांसमोर. कुठलाही स्ट्रायकर, कुठलाही बोर्ड. आला नाही तर सगळ्यांना कळेल कोण कुणाला टाळतंय ते.’ हे मी सोसायटीच्या फलकावरही लिहिलं. खडूने, मोठ्या अक्षरांत. तो नाही म्हणणार याची मला बालंबाल खात्री होती.

तो आला. फलकावर त्याला दिलेलं आव्हान लागल्यावर न येण्याची सोय त्याच्याकडे राहिली नव्हती, हे मला गच्चीवर त्याला धुतलेला शर्ट घालून बसलेला बघितल्यावर लक्षात आलं. मसाला दूध आटत होतं, चंद्र डोक्यावर, वरून दव. बोर्ड दमट झाला होता म्हणून अण्णांनी त्यावर अर्धा डबा पावडर ओतली. पहिले दोन बोर्ड त्याने असे घेतले की मला फक्त सोंगट्या मांडायचं काम उरलं. तिसऱ्या बोर्डापासून त्याचा हात चुकायला लागला. आधी थोडा, मग नीट. कट हुकायला लागले, स्ट्रायकर भोकात जायला लागला. मी चढत गेलो. शेवटच्या बोर्डाला दोघेही वीसच्या पुढे होतो. त्याने राणी घेतली, अशी घेतली की गच्चीवर कुणीतरी ‘आईगं’ म्हणालं. कव्हरला सोंगटी भोकाच्या तोंडावर बसलेली. फुंकर मारली असती तरी गेली असती. त्याने नेम धरला, माझ्याकडे बघितलं, आणि स्ट्रायकर सोंगटीच्या इंचभर बाजूने गेला. राणी परत मधोमध आली. ती आणि उरलेल्या तीन सोंगट्या मी घेतल्या.

टाळ्या पडल्या, पण उशिरा. अण्णा दुधाचा पेला खाली ठेवून म्हणाले, ‘नुरा कुस्ती. ठरवून हरलेली.’ सुभेदार म्हणाले, हे नुरा नाही, ही मॅनेजमेंट आहे, फक्त मॅनेजर मी नव्हतो. त्यानंतर बाकड्यावर मेवेदरचा विषय निघालेला नाही. दर रविवारी हीच कुस्ती चालते. माझं म्हणणं मी पुराव्यानिशी मांडतो. भोकाच्या तोंडावरची सोंगटी सर्वांत अवघड असते, थोडा जोर जास्त झाला की गेली. दिवसभर उभं राहून हात दमतो. शिवाय दव होतं. दोघेही ऐकून घेतात आणि चहाचे पैसे मला द्यायला लावतात.

पुढच्या महिन्यात इस्त्रीवाल्याने हिशेबाची वही पुढे केली. शर्टाचा दर एक रुपयाने वाढला होता. बी विंगमधल्या एकांना विचारलं, त्यांचा वाढलेला नव्हता. सी विंगमध्येही नाही. मी घासाघीस केली नाही, आणि पँटीचाही वाढवायचा असेल तर वाढव, असं वर सांगून आलो.